हिरवा म्हणजे नेमकं काय?

यवतमाळ जिल्ह्यात घराघरांत पोचलेलं चित्र कोणतं, असं मला कुणी विचारलं तर मी देवाच्या कॅलेंडरचं नाव घेणार नाही. मी कीटकनाशकाच्या डब्यावरचा शंकरपाळा दाखवेन. टोकावर उभा केलेला चौकोन, मधोमध आडवी रेघ. वरच्या अर्ध्यात इशाऱ्याचा शब्द, खालच्या अर्ध्यात रंग: लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा. गोठ्याच्या कोनाड्यात, पलंगाखाली, धान्याच्या कोठीमागे हे चित्र वर्षानुवर्षं बसलेलं असतं. त्याच्यावर कुणी परीक्षण लिहीत नाही, कारण त्याला कुणी कला म्हणत नाही. मी आज ते लिहिणार आहे.

हे चित्र १९७१च्या कीटकनाशक नियमांनी ठरवून दिलं. लेबलच्या दर्शनी भागाचा किमान सोळावा हिस्सा त्याने व्यापायचा. त्यातला रंग चित्रकाराच्या मर्जीने येत नाही, एका आकड्यावरून येतो. प्रयोगशाळेतल्या प्राण्यांना विषाची किती मात्रा एकदाच दिली की त्यातले निम्मे मरतात, हा तो आकडा. शास्त्रात त्याला एलडी ५० म्हणतात. तोंडावाटे दिलेली ही मात्रा वजनाच्या किलोमागे ५० मिलिग्रॅमपर्यंत असेल तर लाल, ५००पर्यंत पिवळा, ५०००पर्यंत निळा आणि त्याहून जास्त लागत असेल तर हिरवा. म्हणजे हा शंकरपाळा आरोग्याच्या आकडेवारीचं चित्ररूप आहे. आजकाल ज्याला ‘डेटा व्हिज्युअलायझेशन’ म्हणून मिरवलं जातं, ते आपल्या बांधावर पन्नास वर्षांपासून पडलेलं आहे.

चित्र म्हणून मात्र ते फसलेलं आहे. लाल, पिवळा, हिरवा ही उतरंड सिग्नलमुळे सगळ्यांना कळते. तिच्यात निळा घुसल्यावर तो पिवळ्याच्या वर की खाली, हे सांगितल्याशिवाय कळत नाही. खरी अडचण हिरव्याची आहे. नियमात हिरवा म्हणजे ‘किंचित विषारी’, आणि शब्द ‘सावधान’. पण शेतात हिरवा म्हणजे पीक. हिरवंगार म्हणजे चांगलं. त्यात आपण कीटकनाशकाला म्हणतो ‘औषध’. औषध आणायला जातो, औषध मारतो, औषध चढलं म्हणतो. हातात ‘औषध’ आणि त्याच्यावर हिरवा रंग असेल, तर सावधान हा अर्थ कुठून निघणार?

२०१७च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २०हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले. शेकडो जण दवाखान्यांत भरती झाले. काहींना कित्येक दिवस दिसेनासं झालं. त्या वर्षी कपाशी डोक्याच्या उंचीला गेली होती, हवा दमट होती, जोराने फवारणारे पंप आले होते, आणि दोन-तीन रसायनं एकाच ड्रममध्ये कालवली जात होती. शंकरपाळ्याच्या रंगामुळे ही माणसं गेली असं मी म्हणत नाही. पण त्या रंगाने त्यांना काय सांगितलं असतं, हे विचारता येतं. तो रंग एकेका रसायनाचा, एकेकट्या मात्रेचा. कालवलेल्या मिश्रणाला रंग नाही. आठ तास नाकातोंडात जाणाऱ्या तुषारांना रंग नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे रोजंदारीने फवारायला आलेला मजूर तो डबा पाहतच नाही. त्याच्या पाठीवर येतो तो भरलेला पंप. चित्र मालकाच्या बांधावर राहतं, विष मजुराच्या अंगावर जातं.

यातून मला कोणत्याही आकड्याच्या चित्राला विचारायचे तीन प्रश्न मिळाले. हे चित्र नक्की काय मोजतं? त्याचं तोंड कुणाकडे आहे? आणि पाहणाऱ्याला ते पाहिल्यावर काही करता येतं का? प्रदूषणाची आकडेवारी घेऊन रस्त्यावरच्या, येणाऱ्या-जाणाऱ्या माणसासाठी केलेल्या कलाकृती हल्ली बऱ्याच दिसतात. त्यांचे फोटो तुमच्या फोनवरही येऊन गेले असतील. त्या मला याच तीन प्रश्नांपुढे उभ्या करायच्या आहेत.

महाराष्ट्रातलं ठळक उदाहरण खारघरचं. जानेवारी २०२१मध्ये वातावरण फाउंडेशनने तिथे एक फलक उभारला. त्यावर फुप्फुसांची अवाढव्य पांढरी जोडी होती. पांढरा भाग म्हणजे हवा गाळणारं कापड, मागे हवा ओढणारे पंखे. फुप्फुसं रस्त्यावरची हवा ‘श्वासात’ घेऊ लागली आणि दहाएक दिवसांत काळी पडली. त्याआधी दिल्ली आणि बेंगळुरूतही असे प्रयोग झाले होते. लोक थांबले, फोटो काढले, बातम्या झाल्या.

या फलकाची ताकद मला मान्य आहे. बाकीची पोस्टरं धुळीबद्दल बोलतात, इथे धूळच रंग झाली. कुणी ब्रश धरला नाही. शिवाय वेळ ही त्या चित्राची खरी सामग्री होती. सकाळी कामावर जाताना पांढरट दिसलेलं फुप्फुस आठवड्याने राखाडी दिसतं, तेव्हा त्याच रस्त्याने रोज जाणाऱ्याला आपल्या छातीची आठवण होते. एकदाच जाणाऱ्या पर्यटकापेक्षा रोजच्या प्रवाशाला हे चित्र जास्त कळतं, आणि हे त्याच्या बाजूचं आहे.

पण पहिला प्रश्न विचारला की पाय लटपटतात. गाळणीचं कापड घाण धरण्यासाठीच असतं. पंख्याने हवा ओढत राहिलं तर ते कुठेही कधीतरी काळं होणार. दहा दिवस म्हणजे वाईट की फार वाईट? हे सांगायला बाजूला दुसरं फुप्फुस हवं. तसंच कापड, तसेच पंखे, पण हवा बऱ्या ठिकाणची. तुलना नसेल तर आकडा हा आकडा राहत नाही, नुसता धक्का राहतो. दुसरं असं, की काळं झाल्यावर चित्र थांबतं. अकराव्या दिवशी हवा सुधारली तरी ते काळंच, बिघडली तरी काळंच. जे चित्र चांगली बातमी दाखवूच शकत नाही, त्याच्यावर लोक फार दिवस विश्वास ठेवत नाहीत.

तुलनेचा प्रश्न मायकेल पिन्स्की या ब्रिटिश कलावंताने चांगला सोडवला. २०१७मध्ये नॉर्वेतल्या ट्राँडहेमला त्याने पाच पारदर्शक घुमट एकमेकांना जोडून उभे केले. एकात नॉर्वेच्याच टाउट्रा बेटाची स्वच्छ हवा, बाकीच्यांत लंडन, नवी दिल्ली, साओ पाउलो आणि बीजिंगच्या हवेसारखी हवा, निरुपद्रवी घटकांनी बनवलेली. तुम्ही चालत एकातून दुसऱ्यात जाता आणि नाक आपोआप तुलना करतं. आकडा वाचावाच लागत नाही. मात्र पाहून आलेल्या लोकांचा मानसशास्त्रज्ञांनी अभ्यास केला, तेव्हा काहीतरी करायचा इरादा थोडा वाढलेला दिसला, पण प्रत्यक्ष करायची साधी संधी समोर ठेवली तेव्हा तो इरादा तिथे फारसा उतरला नाही. मला याचं नवल वाटत नाही. दिल्लीच्या घुमटातून बाहेर आल्यावर पाहुणा नॉर्वेच्या हवेत उभा असतो. त्याच्यासाठी प्रदूषण हा प्रवास झाला, आणि प्रवास संपला.

तिसरं उदाहरण सगळ्यात देखणं आहे. छायाचित्रकार रॉबिन प्राइस आणि पर्यावरणशास्त्रज्ञ फ्रान्सिस पोप यांनी स्वस्तातला धूलिकण-मापक एलईडी दिव्यांच्या पट्टीला जोडला. रात्री कॅमेऱ्याची झडप उघडी ठेवून पट्टी हातात धरून चालायचं. हवेत पीएम २.५ जितके जास्त, तितके प्रकाशाचे ठिपके जास्त. त्यांनी भारतातल्या दोन खेळाच्या मैदानांचे फोटो शेजारी ठेवले, हिमाचलातल्या पालमपूरचा आणि दिल्लीचा. दिल्लीतले धूलिकण सुमारे साडेबारा पट होते. पालमपूरच्या फोटोत तुरळक ठिपके, दिल्लीच्या फोटोत दाट झगमगाट. इथे मोजमाप आहे, तुलना आहे, हवा सुधारली तर ठिपके कमी होतील ही सोयही आहे. तरी मला एक गोष्ट खुपते. या चित्रांत हवा जितकी वाईट, तितकं चित्र सुंदर. दिवाळीसारखं. स्क्रोल करणारा अंगठा त्या झगमगाटावर थांबेल, पण कशासाठी थांबला हे फोटोखालचा मजकूर वाचल्याशिवाय कळणार नाही. चित्राला खालच्या ओळीने वाचवावं लागत असेल तर डोळ्याने एक ऐकलं आणि मेंदूने दुसरं.

आता ज्याला कुणी कला म्हणत नाही, अशा एका रंगकामाकडे येतो. बांगलादेशात जुलाबाने मुलं दगावत होती म्हणून उघड्या तळ्यांऐवजी नळकूप, म्हणजे हातपंप बसवले गेले. पुढे कळलं, की जमिनीखालच्या त्या पाण्यात आर्सेनिक आहे. २०००नंतरच्या काही वर्षांत सुमारे ५० लाख नळकूप तपासले गेले आणि जागच्या जागी रंगवले गेले. मर्यादेच्या वर आर्सेनिक असेल तर तोंडाला लाल रंग, आत असेल तर हिरवा. सुमारे १४ लाख लाल निघाले. जगातल्या कुठल्याही संग्रहालयात एवढं मोठं डेटाचित्र नसेल. ते पाहायला तिकीट नव्हतं, आणि त्याचं तोंड अगदी नेमक्या माणसाकडे होतं: कळशी घेऊन आलेल्या बाईकडे. ढाक्याजवळच्या आडाईहजार भागात ज्यांना आपला नळ लाल आहे हे कळलं, त्यांच्यातल्या अर्ध्याहून अधिकांनी वर्षभरात दुसरीकडून पाणी आणायला सुरुवात केली. हिरवा नळ जवळ असेल तर लोक बदलत, लांब असेल तर कचरत. पुढे रंग उडाला आणि पुन्हा रंगवायला माणूस आला नाही, तिथे ते चित्रही संपलं.

हे मी यवतमाळवरच्या लेखात का सांगतोय? कारण पांढरकवड्याच्या आसपासच्या भूजलात फ्लोराइड आहे, आणि त्याची गोष्ट जवळजवळ हीच आहे. विहिरीच्या गढूळ पाण्यापासून वाचवायला बोरिंग आलं. हातपंपाला आमच्याकडे बोरिंगच म्हणतात. पाणी नितळ, गार, चवीला चांगलं. फ्लोराइडला रंग नाही, वास नाही, चव नाही. भारतीय मानकानुसार लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरा स्रोतच नसेल तर १.५पर्यंत चालवून घ्यायचं. दीड मिलिग्रॅम म्हणजे साधारण साखरेचे एक-दोन दाणे, लिटरभर बाटलीत. त्याहून जास्त पाणी वर्षानुवर्षं प्यायलं की मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे येतात, पुढे सांधे आणि पाठ आखडते. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटून प्रमाण थोडं वाढतं.

न दिसणारी, संथ, घराघरात वेगवेगळी अशी ही गोष्ट आहे. चित्राची गरज असलीच तर ती इथे आहे. पण गावात रंग आधीच पुष्कळ आहेत. आरोग्य खातं पाणीस्रोतांची पाहणी करून ग्रामपंचायतींना लाल, पिवळं, हिरवं कार्ड देतं. सलग पाच वर्षं चांगली गेली तर चंदेरी. ते कार्ड मुख्यतः साथीच्या रोगांचा धोका पाहतं: स्रोताभोवती घाण आहे का, गळती आहे का, क्लोरिन टाकलं जातं का. म्हणून कार्ड हिरवं असलेल्या गावात बोरिंगला फ्लोराइड असू शकतं, आणि त्यात कुणी खोटं बोललेलं नसतं. त्याच गावात औषधाच्या डब्यावर हिरवा शंकरपाळा आहे. आणि पोराच्या फोनवर हवेचा हिरवा गोल आहे.

तो गोलही तपासून घेऊ. भारताचा हवा गुणवत्ता निर्देशांक २०१४मध्ये जाहीर झाला आणि २०१५मध्ये सुरू झाला. एक आकडा, एक रंग, एक वर्णन, अशी त्याची मांडणी. कल्पना उत्तम. आता समजा दिवसभराची सरासरी पीएम २.५ घनमीटरमागे ५० मायक्रोग्रॅम आहे. भारतीय पट्टीवर हे ‘समाधानकारक’, फिका हिरवा. अमेरिकी पट्टीवर तीच हवा नारिंगी, नाजूक प्रकृतीच्या माणसांसाठी अपायकारक. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ची दिवसाची शिफारस आहे १५. हवा एकच, छाती एकच. रंग मात्र समितीत ठरतो. शिवाय ॲप जो आकडा दाखवतं तो जवळच्या केंद्राचा किंवा गणिती अंदाजाचा असतो. ते केंद्र तुमच्यापासून किती लांब आहे, हे त्या गोलात दिसत नाही. वणीच्या कोळसा पट्ट्यात रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीवर बसलेल्या माणसाला बाकावर बोट फिरवून जे कळतं, ते त्याच्या फोनला माहीत असेलच असं नाही.

म्हणून हिरवा रंग मला निरागस वाटत नाही. एकाच माणसाच्या दिवसात हिरवा तीनदा येतो, तीन वेगळ्या गोष्टी सांगतो, आणि तिन्ही वेळा तो ऐकतो ते एकच: काळजी नको. नवं चित्र काढणाऱ्याने आधी हे जुने रंग वाचलेले असले पाहिजेत. त्याने आणखी एक हिरवा ठिपका त्यात टाकला तर गोंधळच वाढेल, ठिपका कितीही कलात्मक असो.

राहिला प्रवासी. श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ पांढरकवड्यावरून जातो. तिथूनच टिपेश्वर अभयारण्याला जायचं. वाघ पाहायला नागपूर, हैदराबादकडून गाड्या येतात. या माणसांसाठी कुणी उद्या ढाब्याच्या भिंतीवर फ्लोराइडचं चित्र काढायला घेतलं, तर पहिली कल्पना काय सुचेल हे मला माहीत आहे. भलंमोठं हसणारं तोंड, डागाळलेले दात. समोर सेल्फी पॉइंट.

ते चित्र मला नको आहे. दातांवरचे डाग या भागात लग्नाच्या बोलण्यांत मोजले जातात. शाळेतली मुलगी तोंडावर हात ठेवून हसते. तिचं तोंड महामार्गावर टांगून पर्यटकाला जागं करणं हा तिच्या आजाराचा दुसरा हप्ता आहे. यवतमाळला चित्र होण्याचा अनुभव कमी नाही. शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांसोबत हा जिल्हा किती वर्षं तोच फोटो होऊन छापला गेला: भेगाळलेली जमीन, आभाळाकडे पाहणारा म्हातारा. जानेवारी २०१९मध्ये इथे ९२वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, तेव्हा उद्घाटन एका शेतकरी विधवेच्या हस्ते झालं. ती व्यासपीठावर उभी राहून स्वतः बोलली, म्हणून तो क्षण लोकांच्या लक्षात राहिला. फोटोतली आणि बोलणारी यांत जो फरक आहे, तोच फरक आकड्यांच्या चित्रांतही पाहायला हवा.

यावर एक रास्त आक्षेप आहे. रस्त्यावरचा माणूस पाच सेकंद पाहतो. त्याला तुलना, एकक, मर्यादा हे सगळं कुठून दाखवणार? धक्का बसला तरी खूप झालं. मला हे पूर्ण पटत नाही. बांगलादेशातला लाल रंग पाच सेकंदांचाच होता. तो पुरेसा ठरला, कारण तो त्या वस्तूवरच होता, आणि थोड्या अंतरावर हिरवा नळ होता. पाच सेकंद कमी नसतात. त्या पाच सेकंदांनंतर जायला जागा आहे का, एवढाच प्रश्न असतो.

प्रवाशाला जायला जागा कोणती? बोरिंग बदलणं त्याच्या हातात नाही, तो पाण्याची बाटली घेऊन पुढे जाणार. पण तो या जिल्ह्याशी जोडलेला आहेच. त्याच्या अंगावरच्या टी-शर्टमधला कापूस इथल्या शेतातला असू शकतो, आणि तो कापूस कुणीतरी फवारलेला आहे. वणीचा कोळसा औष्णिक वीजकेंद्रांत जातो, त्या विजेवर फोन चार्ज होतात. प्रवाशासाठी चित्र काढायचंच असेल तर त्यात इथल्या माणसाचं शरीर नको, प्रवाशाची वस्तू हवी. आणि गावकऱ्यासाठी काढायचं असेल तर ते बोरिंगवरच हवं: तपासणीची तारीख, लिटरमागचा आकडा ठळक अक्षरात, मर्यादेची रेघ, आणि चांगलं पाणी कुठे आहे ते दाखवणारा बाण. दर तपासणीनंतर ते गावातल्याच कुणी पुन्हा रंगवायचं. रंगवणाऱ्याला मजुरी मिळायची. त्या रंगाचा अर्थ ग्रामसभेत ठरायचा, म्हणजे हिरवा म्हणजे काय हे गावाला विचारून कळेल.

याला कला म्हणायचं का? मी म्हणेन. माहितीला रूप देणं, ते रूप कुणासमोर ठेवायचं हे ठरवणं आणि बदलत्या सत्याबरोबर ते बदलत ठेवणं, एवढं जमलं तर बाकी नावाची मला फिकीर नाही. काळ्या फुप्फुसाने खारघरच्या रोजच्या प्रवाशाला त्याची छाती आठवून दिली, त्याचं श्रेय त्याला आहेच. पण यवतमाळमध्ये पुढचं चित्र काढायला येणाऱ्याने आधी कृषी केंद्रात जावं, फळीवरचे डबे पाहावेत, आणि तिथे उभ्या असलेल्या कुणालाही विचारावं, की भाऊ, हा हिरवा रंग काय सांगतो? मिळेल त्या उत्तरापासून त्याने कामाला सुरुवात करावी.